आई, भरती किती वाजता?

आधीच सांगून टाकतो, मी लेखक वगैरे काही नाही. वागळे इस्टेटला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमधे दुसऱ्यांची बिलं तपासतो, सोळा वर्षं झाली, आणि बायको पोलीस हवालदार आहे, ठाणे आयुक्तालयात. कुठल्या स्टेशनला ते लिहीत नाही, का ते पुढे कळेल. राहायला आम्ही कळव्याला, खारेगावात. २०२३ च्या पावसाळ्यात मला पोलिसावर कादंबरी लिहायचं खूळ लागलं आणि ते डोक्यातून उतरायला दोन वर्षं गेली, त्याची ही हकीकत.

झालं असं की एका रविवारी आम्ही पोलिसांची कुठलीतरी सिरीज बघत होतो, म्हणजे मी बघत होतो, ती मेथी निवडत ऐकत होती, आणि दर दोन मिनिटांनी "असं नसतं", "हा कोण एवढा रिकामटेकडा साहेब" असं चालू होतं तिचं. मी वैतागून म्हणालो, मग मीच लिहितो की खरी गोष्ट. ती म्हणाली, "लिही ना. निदान रविवारचा शांत तरी बसशील."

पहिला ड्राफ्ट दीड महिन्यात झाला. साठ पानं. हिरो सिनियर इन्स्पेक्टर, घटस्फोट झालेला, रात्री दारू, सकाळी पिस्तूल, एका बाजूला खातं आणि दुसऱ्या बाजूला एक डॉन, जो त्याचा शाळेतला जिगरी दोस्त. हा उपवन तलावाच्या कट्ट्यावर भर पावसात सिगारेट ओढत बसतो (भर पावसात ती पेटते कशी हे मला तेव्हा सुचलंच नाही) आणि शेवटी आरोपीला लॉकअपमधे दोन ठेवून देतो, तो घडाघडा कबूल करतो, केस खलास. मला स्वतःला वाचून भारी वाटलं होतं.

बायकोनी बारा पानं वाचली आणि हसायलाच लागली. म्हणे सिनियर साहेबाला एवढा वेळ असतो का, त्याच्या मागे रोज वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओवरची मीटिंग), मोर्चा, गणपतीची शांतता कमिटी, सोसायटीची पार्किंगची भांडणं, तो कुठला जातोय उपवनला. तपास करतो पीएसआय (उपनिरीक्षक) नाहीतर एपीआय (सहायक निरीक्षक), आणि त्याच्याकडे एकच केस नसते, वीस असतात, त्यातल्या अर्ध्या मोबाईल चोरीच्या. पिस्तूल घेतलं की रजिस्टरला नोंद, ठेवलं की नोंद. आणि तुझा तो कबुलीजबाब, तो कोर्टात कागदाच्या चिटोऱ्याएवढाही चालत नाही, पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा होतच नाही. त्याच्या कबुलीवरून लपवलेला सुरा सापडला तर तेवढा भाग चालतो, त्याचा पंचांसमोर मेमोरंडम करायचा, मग तो पुढे, आपण मागे, पंच बरोबर, आणि त्यानी काढून दिलेली वस्तू जप्त करायची. "तुझ्या हिरोनी एवढं मारून सुरा काढलाच नाही," ती म्हणाली. "सुटला तुझा आरोपी."

साठ पानं गेली. वाईट वाटलं, पण एक कळलं की माझ्या घरातच खजिना आहे आणि मी बाहेर बघतोय.

मग दुसरा ड्राफ्ट. हिरोला पीएसआय केला, तो पण थेट परीक्षा देऊन आलेला नाही, शिपाई म्हणून भरती होऊन मग खात्याअंतर्गत परीक्षा देऊन वर आलेला. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही. शिपायातून वर आलेला माणूस कालपर्यंत ज्यांच्याबरोबर बंदोबस्ताला वडापाव खात होता ते आज त्याला सॅल्यूट मारतात, आणि वरचे साहेब लोक त्याला अजून बक्कल नंबरवाला समजतात. म्हणजे तो असाच दोन डगरींवर उभा, डॉन कशाला पाहिजे. नाव ठेवलं दिगंबर.

दुसरी डगर मला ट्रेनच्या खिडकीतून मिळाली. कळव्याहून मुंब्र्याच्या बाजूला जाताना रेतीबंदर लागतं, आमच्या लहानपणी तिथे रेतीचे ढीगच्या ढीग असायचे, आता बंदी, तरी रात्री सक्शन पंप लावून खाडीतून रेती उपसतातच, आणि मधूनमधून तहसीलदारांची धाड पडते, बार्ज आणि पंप गॅस कटरनी कापून टाकतात, पेपरला फोटो येतो. तर दिगंबरचा थोरला भाऊ या धंद्यात. त्याच्या रेतीच्या पैशावर दिगंबर शिकला, भरतीच्या क्लासला गेला, बूट त्याच पैशाचे. आणि धाड टाकायची तर महसूलवाले आधी पोलिसांकडे बंदोबस्त मागतात, म्हणजे चार तास आधी कोणाला कळणार, तर दिगंबरला. हे सुचलं तेव्हा मी तीन हात नाक्याला सिग्नलला स्कूटरवर होतो, मागून हॉर्नवर हॉर्न, मला ऐकूच येईना.

तेवढ्यात २०२४ उजाडलं आणि कायदाच बदलला. १ जुलैपासून आयपीसी गेली, भारतीय न्याय संहिता आली, तपासाची पद्धत सांगणारी सीआरपीसी गेली, नागरिक सुरक्षा संहिता आली. बायकोचं ट्रेनिंग, घरी पुस्तिका, फ्रिजवर चिठ्ठ्या, खून ३०२ चा १०३, एफआयआर १५४ ची १७३, अकस्मात मृत्यू १७४ चा १९४. मी रात्री भांडी पुसत तिची तोंडी परीक्षा घ्यायचो आणि ती "चारशेवीस?" म्हटल्यावर "तीनशे अठरा" म्हणून वर स्वतःच हळहळायची, की आता कोणाला चारशेवीस म्हणायची पण सोय राहिली नाही.

तिचं ट्रेनिंग, पण वाट माझी लागली. कारण नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग कम्पल्सरी, कलम १०५. माझा अख्खा प्लॉट एका पंचनाम्यावर उभा, ज्यात दिगंबर एक वस्तू लिहायची गाळतो. आता शूटिंग चालू असताना कशी गाळणार? दोन रात्री झोप नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "मग आधीची घे ना तारीख." गुन्हा १ जुलैच्या आधी घडला तर कलम जुन्या आयपीसीचं, आणि तपास पण तेव्हाच सुरू झालेला असेल तर तो पण जुन्याच पद्धतीनी चालतो. म्हणून मी कादंबरीतला रेती उपसणारा मजूर मे २०२४ मधे मारला. लेखक लोक प्रतीक वगैरे बघून तारीख ठरवत असतील, मी कलम बघून ठरवली.

आणि मे निघाला पण मस्त, कारण २० मे ला ठाण्याचं मतदान होतं. पोलिसांच्या सगळ्या रजा बंद, महसूलचा माणूस न माणूस इलेक्शन ड्युटीला, म्हणजे खाडीत रेतीवाल्यांना रान मोकळं. मतदान उरकल्यावर महसूलवाले मोकळे होतात आणि २२ तारखेच्या रात्री धाड ठरते. दिगंबर भावाला कळवतो. भाऊ घाईघाईत अंधारात बार्ज पळवतो, आणि पाण्याखाली पाईप धरायला उतरलेला एक पोरगा वर यायच्या आतच निघून जातो. सकाळी प्रेत लागतं काठाला. अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि पंचनामा करायला पाठवतात कोणाला, तर दिगंबरलाच.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं की झालीच कादंबरी. इथूनच खरा त्रास चालू झाला.

बायको रात्री ड्युटीवरून आली की जेवताना काय काय बोलायची. नेहमीच बोलायची, पण आता मी जास्त विचारायचो, आणि ती पण खुलून सांगायची, तिला पण मजा यायला लागली होती. ठाणे अंमलदार (स्टेशनात ड्युटीला बसलेला) रात्री तीन वाजता झोप कशी घालवतो, स्टेशन डायरीत कोण निघालं, कुठल्या गाडीनी, किती वाजता परत, सगळं कसं टाकायचं, आता ते कॉम्प्युटरवर असल्यामुळे खाडाखोड कशी करता येत नाही. एकदा तिनी एका पाण्यातल्या प्रेताचं सांगितलं. कित्येक वर्षांपूर्वीचं. त्या माणसाच्या गळ्यात सुतळीला बांधलेली एक किल्ली होती, छोट्या कुलपाची, आणि त्याची ओळख पटली, बॉडी गेली, सगळं झालं, पण त्या किल्लीचं कुलूप कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. एवढं बोलून ती ताट उचलून आत गेली.

मी काय केलं असेल? अर्थातच. दुसऱ्या दिवशी लंच टाईममधे ती किल्ली माझ्या मजुराच्या गळ्यात बांधली. आणि दिगंबर पंचनाम्यात गाळतो ती वस्तू हीच केली, कारण कुलूप सापडलं तर भावाच्या शेडपर्यंत माग जाणार. काय फिट बसलं होतं म्हणून सांगू.

दिवाळीच्या आधी तिला ते प्रकरण वाचायला दिलं. माझी अपेक्षा, वा वा. ती वाचून बराच वेळ गप्प. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "म्हणजे मी तुझी झिरो पोलीस होते का इतके दिवस?"

झिरो पोलीस म्हणजे माहीत नसेल त्यांच्यासाठी, पोलीस नसलेला पण पोलिसांसाठी फिरणारा, खबर आणणारा, हप्ता गोळा करणारा माणूस. ही शिवी तिनी स्वतःला घातली पण लागली मला. मी सारवासारव करायला लागलो की नाव कुठे आहे, गाव कुठे आहे, कोणाला कळणारे. ती म्हणाली, त्याच्या बायकोला कळेल. तिनी ती किल्ली हातात घेऊन तासभर स्टेशनात बसून काढलाय. आणि नुसतं तेच नाही, सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम आहेत १९७९ चे, ड्युटीवर कळलेलं बाहेर द्यायचं नाही. "पण नियमाचं सोड. मी तुला घरात सांगितलं होतं."

त्यानंतर सहा आठवडे तिनी कामावरचं अवाक्षर काढलं नाही. भांडण नाही, अबोला नाही, भाजी काय करू, गॅस आणलास का, आईचं बीपी, सगळं नीट बोलायची. फक्त "आज काय झालं?" विचारलं की "काही नाही, नेहमीचंच." पोलिसाशी लग्न केलेल्या माणसाला हे दोन शब्द किती मोठे असतात ते मला तेव्हा कळलं. तिच्या मनात काय चाललंय ते काही केल्या कळेना, आणि तपासाला मी पण काही कच्चा नाही हो, सोळा वर्षं खोटी बिलं पकडतोय.

किल्ली काढून टाकली. तिला न सांगता काढली, कारण सांगितलं असतं तर ते परत काहीतरी मागण्यासारखं झालं असतं. पण किल्ली गेल्यावर पंचनाम्यात भोक पडलं, आता गाळायचं काय?

घरचा सोर्स बंद म्हटल्यावर मी बाहेर पडलो. कोर्टनाक्याला जिल्हा कोर्टात कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. हाफ डे टाकून पाच-सहा वेळा जाऊन बसलो. निम्मा वेळ तारीख पे तारीखच. पण एकदा एक पंच उलटला. सरकारी वकिलांनी विचारलं सही तुमची का, हो माझी, मग मजकूर? म्हणे कागद कोरा होता. फितूर घोषित. मी हा शब्द शाळेतल्या इतिहासात वाचलेला, किल्ल्याचा दरवाजा उघडणारे फितूर, आणि इथे चप्पल घातलेला एक साधा माणूस फितूर होऊन घड्याळ बघत होता, त्याला दुकान उघडायचं होतं. दुसऱ्या एका खटल्यात तपासी अंमलदारानी आरोपीविरुद्ध कडक साक्ष दिली, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि बाहेर पॅसेजमधे आल्यावर आरोपीच्या म्हाताऱ्या आईला स्वतःची खुर्ची दिली, बाटली उघडून पाणी दिलं. ती पण प्यायली. दोघं काही बोलले नाहीत. माझ्या साठ पानांच्या डॉनपेक्षा हे केवढं मोठं होतं. घरी येऊन दिगंबरची सगळी भाषणं कापली.

पंचनाम्याची भाषा पण मी तिथेच पकडली. पंचनाम्यात वाईट वाटलं, भीषण, करुण असलं काही नसतं. आधी चतुःसीमा. पूर्वेस कच्चा रस्ता व त्यापुढे रेल्वे रूळ, पश्चिमेस खाडीचे पाणी, दक्षिणेस पडीक शेड. मग प्रेत कसं, डोकं कुठल्या दिशेला, अंगावर काय. मग "येणेप्रमाणे पंचनामा लिहिला तो बरोबर आहे." माझा अख्खा क्लायमॅक्स मी अशा भाषेत लिहिला, दिगंबर आपल्याच फोनमुळे मेलेल्या पोराचं वर्णन करतोय आणि एकही विशेषण नाही. तेवढीच दोन पानं मला अजून आवडतात.

पण फोनचाच घोळ होता. भावाला कळवायचं कसं? मोबाईलवरून केलं तर सीडीआर निघतो, म्हणजे कोणाला कधी फोन केला त्याची यादी, पहिल्याच दिवशी सापडेल. व्हॉट्सअॅप कॉल म्हटलं तर फोन जप्त. माणूस पाठवला तर तो माणूस साक्षीदार. हे मी बायकोला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं तिनी, पण विचारायला तोंड नव्हतं.

तेव्हा मराठी ग्रंथ संग्रहालयात जायला लागलो, आपलं ठाण्याचं, १८९३ चं. असंच ठाण्याच्या किल्ल्यावर वाचत होतो, म्हणजे आजचं सेंट्रल जेल, पोर्तुगीजांनी १७३० मधे बांधायला घेतला आणि १७३७ ला मराठ्यांनी जिंकला तो, आणि तिथे त्रिंबकजी डेंगळे भेटला. दुसऱ्या बाजीरावाचा माणूस. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री, त्यांच्या खुनात इंग्रजांनी त्याला पकडून या किल्ल्यात ठेवलं, आणि पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, देशी माणूस फितूर होईल म्हणून. १८१६ च्या सप्टेंबरमधे हा पळाला. सांगतात ते असं की एका साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, त्याच्या खिडकीखाली घोडा मालिश करत रोज मराठीत गाणं म्हणायचा, आणि त्या गाण्यात घोडे कुठे, माणसं कुठे, सगळा निरोप. गोरे पहारेकरी ऐकतायत आणि एक अक्षर कळत नाहीये. फितुरी होऊ नये म्हणून ठेवलेल्या माणसांच्या कानाखालून फितुरी!

मी तिथेच पुस्तक मिटलं. निरोप असा पाहिजे की जो सगळ्यांच्या कानावर पडेल आणि ज्याला कळायचा त्यालाच कळेल. दिगंबर आईला फोन करतो. रोजच करतो. आणि विचारतो, "आई, भरती किती वाजता?" आईला कुठे ठाऊक, ती ओट्यावरून थोरल्याला हाक मारते, अरे दिगू विचारतोय भरती किती वाजता. थोरल्याला जे कळायचं ते कळतं. सीडीआरमधे काय दिसणार, तर पोलिसानी आईला चाळीस सेकंद फोन केला. आणि वर भरती या शब्दाची गंमत पण आली, ज्या भरतीसाठी भावानी पैसे घातले ती, आणि ही.

वेळ नीट असावी म्हणून मी सासऱ्यांकडे गेलो. सासर चेंदणी कोळीवाड्यातलं, सासऱ्यांची होडी होती, आता ती विकून पण वीस वर्षं झाली. म्हटलं बाबा, २२ मे २०२४ ला रात्री भरती किती वाजता असेल? त्यांनी विचारलं तिथी काय. मी मोबाईलवर बघितलं, दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, म्हणजे चतुर्दशी. ते लगेच म्हणाले, "चौदा पाऊणे साडेदहा. खाडीत आत यायला अजून थोडा टाईम." मी बघतच राहिलो. तर म्हणे एवढं सोपं, तिथीला पाऊणनी गुणायचं, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, दिवसाला एकदा आणि रात्री एकदा, शाळेत पाऊणकी शिकवायचे ती कशाला मग? खाडीवरच्या पोरालाही येते.

मग चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "तुमचा तो पोलीस, तो खाडीवरचाच ना?"

मी म्हणालो हो.

"मग तो आईला कशाला इचारतो?"

झालं. दीड महिन्याची मेहनत एका वाक्यात गेली. चेंदणीवरून खारेगावला येईपर्यंत मी कळवा पुलावर शिव्या घालत होतो, नवीन पूल झाला तरी जाम आहेच ते वेगळं. आणि पूल उतरताना डोक्यात आलं की अरे, भोक नाहीये हे. हाच तर पुरावा आहे! याच्यावरूनच दिगंबर सापडायला पाहिजे. तपासाला येणारी एपीआय चेंदणीची कोळ्याची पोर करायची. ती आईकडे जाते, चहा पिते, आई सरळ मनानी सांगते की हो फोन आलेला, भरती विचारली त्यानी. बाकीच्या सगळ्या ऑफिसरांना त्यात काहीच वाटत नाही. ही एकटी कपात बघत बसते, कारण खाडीवरचा माणूस भरती विचारत नाही, मोजतो.

पंचनाम्यातलं भोक पण मग आपोआप भरलं. दिगंबर वस्तू गाळत नाही. वेळ गाळतो. प्रेत भरतीनी कुठून कुठे वाहत आलं असेल हे त्याला कोणाहीपेक्षा जास्त कळतं, चतुःसीमा सगळी लिहितो आणि पाण्याची रेषा कुठे होती तेवढं लिहीत नाही.

हे मी त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं, न राहवून. ती ऐकत होती. भात कालवायची थांबली. म्हणाली, "भरतीचं छान आहे. कोणी दिलं तुला?" मी म्हणालो, त्रिंबकजी डेंगळेनी आणि तुझ्या वडिलांनी. तेव्हा ती हसली, सहा आठवड्यांनी. मग हळूच म्हणाली की एपीआय एकटी जात नाही जबाबाला, बरोबर एक अंमलदार दे, आणि म्हातारीला स्टेशनला बोलवू नकोस, बाईचा जबाब घरी जाऊनच घ्यायचा असतो. मी पटकन लिहून घेतलं. किल्ली काढली का, हे तिनी विचारलं नाही.

प्रकाशकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात काही राम नाही. तिघांना पाठवली. एकाचं उत्तरच नाही, एक म्हणाला पैसे भरा, तिसऱ्यानी फोन केला आणि म्हणाला भाषा चांगली आहे पण तुमच्या हिरोच्या हातात एकदा तरी बंदूक द्या, आणि खाडीचं जरा कमी करा. मी हो हो म्हणालो आणि काहीच केलं नाही. सध्या स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाईंडिंग केलेल्या चार प्रती आहेत, एक सासऱ्यांकडे, ते रोज एक पान वाचतात आणि भरतीच्या वेळा तपासतात.

शेवटची प्रत बायकोला दिली, गेल्या पावसाळ्यात. तोपर्यंत मी एक नवं प्रकरण घातलं होतं, दिगंबरच्या बायकोचं. आधी ती नुसती डबा देण्यापुरती होती. आता ती त्या रात्री किचनमधे आहे, तो फोन तिच्या कानावर पडतो, "आई, भरती किती वाजता?", आणि समोर भिंतीवर कॅलेंडर आहे, चतुर्दशी, आणि ती पण खाडीवरचीच आहे. ती काही बोलत नाही. पोळी उलटते. त्या सहा आठवड्यांशिवाय हे पान मला लिहिता आलं नसतं.

तिनी चार दिवस घेतले. नाईट होती, सकाळी येऊन वाचायची. पाचव्या दिवशी प्रत परत दिली तर प्रत्येक पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तिची बारीक सही. मी म्हटलं हे काय? म्हणे पंचनाम्याच्या पानोपान सही लागते, नंतर पान बदललं म्हणायला नको. मी म्हटलं तू पंच कशी, पंच स्वतंत्र पाहिजे. "तेच ना," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मी पानं चाळली. सगळीकडे सही. कुठे कुठे समासात पेन्सिलीनी दुरुस्त्या, लॉकअप गार्डची ड्युटी चुकली, रायटर (स्टेशनात लिखापढी करणारा पोलीस) एवढं बोलत नाही, तालुका पोलीस वेगळे आणि आपण वेगळे. पान १४३ वर, पोळी उलटण्याच्या पानावर, काहीच नाही. दुरुस्ती नाही, सही पण नाही.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. मी प्रत बंद करून कपाटात ठेवली आणि चहा टाकला.